जॉनरच्या रकान्यात काय भरायचं?

गाणं अपलोड करायला बसलं की डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे आपली गाणी वेगवेगळ्या ॲपवर चढवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर एक रकाना येतो: जॉनर, म्हणजे गाण्याचा प्रकार. २०१६ साली पहिल्यांदा तो भरला तेव्हा मी ‘फोक’ निवडलं, कारण हातात गिटार होती. २०१९ साली ‘इलेक्ट्रॉनिक’. मागच्या वर्षी ‘जॅझ’वर बोट ठेवून पाच मिनिटं बसले आणि शेवटी भारतीय प्रादेशिक संगीताचा पर्याय निवडून मोकळी झाले. मराठीत गायलं की तुम्ही काहीही वाजवा, तुमची खुर्ची तिथेच मांडलेली असते. यादी करणाऱ्याला गोंधळ आणि गझल यांतला फरक माहीत असायचं कारण नाही हे मला कळतं, तरी दर वेळी चिडचिड होतेच.

स्वतः लिहून, चाल लावून, गाऊन मी दहा-बारा वर्षं काढली आहेत. पोट पूर्णपणे त्यावर भरतंय ते मात्र गेल्या काही वर्षांतच. नवीन मुलंमुली भेटतात तेव्हा दोन गोष्टी हमखास विचारतात. एकाच बाजाला धरून राहायचं का? आणि ताई, पैसे कुठून येतात? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी सांगते.

मी मिरजेची. आमच्याकडे सतारमेकर गल्लीतून जाताना वाळत ठेवलेले भोपळे दिसायचे आणि कुणीतरी जवारी लावत, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवत, बसलेलं असायचं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण लहानपणी आम्हा मुलांना त्या वाद्यांचं काही अप्रूप नव्हतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत मध्यमा पूर्णपर्यंत आले, आणि विशारदच्या आधी इंजिनिअरिंगला पुण्याला गेले. घरच्यांनी धरून चाललं की गाणं सुटलं. हॉस्टेलवर रूममेटची गिटार होती. सहा महिन्यांत आमचा पाच जणांचा बँड झाला आणि चार वर्षं आम्ही इंग्रजी रॉक वाजवलं. पहिलं मानधन १५०० रुपये, पाच जणांत. रिक्षाचे पैसे काढले तर उणे.

तेव्हा एक गोष्ट छळायची. इंग्रजी गाणं मी तोंडावर मारल्यासारखं गायचे, पण त्याच ठेक्यावर मराठी शब्द बसवले की आकाशवाणीच्या बातम्या वाटायच्या. ‘मराठी भाषाच रॉकची नाही’ असं आमच्या ड्रमरने जाहीर करून टाकलं होतं. मला ते पटत नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं.

कारण हळूहळू सापडलं. मराठीतले किती शब्द व्यंजनावर संपतात बघा: घर, वाट, पाऊस, आवाज. बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो. आता ओळीच्या शेवटी लांब सूर लावायचाय, तर तो कशावर लावणार? ‘पाऊस’मधल्या ‘स’वर सूर ठरत नाही, नुसती हवा जाते. आपल्या जुन्या गाणाऱ्यांनी यावर उपाय करून ठेवलाय तो हाका मारण्याचा. विठ्ठल म्हणायचं नाही, विठ्ठला म्हणायचं. राया, सखे, माऊली, गं बाई, रं गड्या. लहानपणी मला ही निव्वळ भक्ती किंवा लाडीगोडी वाटायची. गायला लागल्यावर कळलं की ती सूर ठेवायची जागा आहे. आ, ई, ओ असा उघडा स्वर ओळीच्या टोकाला आला की गळा मोकळा होतो.

दुसरा धडा श्वासाचा. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. आता रॉकचा साधा चार ठोक्यांचा बार घ्या आणि प्रत्येक ठोक्यात दोन अक्षरं धरा, म्हणजे आठ घरं झाली. त्यात सहा अक्षरं टाकली की दोन घरं श्वासाला उरतात. चौथ्या चरणात चार अक्षरं आणि चार घरं मोकळी, तिथे सूर लांबवा किंवा गिटारला बोलू द्या. हे मी वहीवर चौकोन आखून करून बघितलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी ड्रमरला फोन लावला. त्याने उचलला नाही. पण ‘मराठी रॉकची नाही’ हा वाद माझ्यापुरता त्या रात्री मिटला.

तर नवीन लिहिणाऱ्यांनी चाल लावायच्या आधी ओळ नुसती बोलून बघावी, हाताने टाळी देत. टाळी ‘आहे’, ‘होते’ असल्या शब्दांवर पडत असेल तर ओळ परत लिहा. ‘आहे’ बहुतेक वेळा काढूनच टाकता येतो. आणि रेकॉर्डिंग ऐकताना कान उच्चारावर ठेवा: ‘मन’ लांबवताना तोंड जरा जास्त उघडलं की त्याची ‘मान’ होते. माझ्या पहिल्या गाण्यात अख्खा मुखडा मानेबद्दल आहे. लोक प्रेमाने दुर्लक्ष करतात.

बाज बदलताना मी बरोबर नेलं ते हेच, म्हणजे शब्द कसा ठेवायचा याची सवय. गिटार गेली, सिंथ म्हणजे सिंथेसायझर आला, ढोलकी आली, पण उच्चार तोच राहिला. दोन अगदी वेगळी गाणी ऐकून लोक ‘तुमचंच ना?’ म्हणतात ते त्यामुळे.

सुरांच्या बाजूने मात्र मी बराच काळ आपटले. तंबोऱ्यावर शिकलेल्या कानाला षड्ज, म्हणजे ‘सा’, हलत नाही. गिटारवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, बदलली की खालचा पाया बदलतो, आणि वर तुम्ही राग गात असाल तर ऐकणाऱ्याच्या कानातला ‘सा’ सरकतो. राग विस्कटला असं वाटतं ते तिथे. मी आधी सगळ्या सुरांना कॉर्ड लावत सुटले होते. मग कमी करत गेले. यमन घ्या. सा-ग-प ही एक कॉर्ड आणि रे-तीव्र म-ध ही दुसरी, दोन्ही मेजर. एवढ्या दोनच कॉर्ड आलटूनपालटून वाजवा आणि खाली बासवर षड्ज धरून ठेवा. यमन यमन राहतो आणि तरी गाणं पुढे सरकतं. आमच्या मिरजेच्या गुरुजींना हे ऐकवलं, तर म्हणाले, ‘एवढ्याने काही बिघडलेलं नाही.’ त्यांच्या तोंडून ही शाबासकीच.

आता धरून राहायचं की बदलायचं. मी गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांचं उदाहरण देते. ते गोव्यातल्या शिवोलीचे, आर्किटेक्चर शिकले मुंबईत सर जे. जे. मध्ये. १९८४ साली त्यांनी घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर पहिला अल्बम केला. वाद्यं स्वतः वाजवली, आवाज स्वतःचे, कव्हरसुद्धा स्वतःच काढलं, आणि पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत कॅसेटी पोचवल्या. गोव्याच्या चाली, रॉक, बासरी, इंग्रजी, कोकणी, पुढे हिंदी चित्रपट. कुठल्या रकान्यात बसवणार या माणसाला? २००७ साली पद्मश्री मिळाली. मला यातली स्कूटर महत्त्वाची वाटते. मोठी कंपनी आली ती नंतर. तोवर त्यांच्याकडे स्वतः काढलेल्या कॅसेटी होत्या आणि त्या कुठल्या दुकानात खपतात हे ठाऊक होतं.

चार ट्रॅकवर काम करायचं म्हणजे काय, हे आज लॅपटॉपवर ऐंशी ट्रॅक उघडणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावं. तीन ट्रॅकवर वाजवायचं, ते मिसळून चौथ्यावर उतरवायचं, मग पहिले तीन पुसून परत वापरायचे. एकदा मिसळलं की सुटं करता येत नाही. म्हणजे ढोलकी किती मोठी हवी हे त्याच क्षणी ठरवावं लागतं. मी विद्यार्थ्यांना एक गाणं मुद्दाम चारच ट्रॅकमध्ये करायला लावते. पोरं कुरकुर करतात, पण गाणं पूर्ण होतं. ऐंशी ट्रॅकवाली दोन-दोन वर्षं ‘मिक्स चालू आहे’ म्हणून सांगतात.

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल एकच सांगते. पहिल्या पगारातून कंडेन्सर माइक घेऊ नका. तो तुमच्या आवाजाबरोबर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि खालचा भंगारवालाही तितक्याच प्रेमाने घेतो. साधा डायनॅमिक माइक, माइक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, आणि पाठीमागे टांगलेल्या दोन जाड गोधड्या. माझी तीन गाणी आईच्या गोधडीसमोर झालीत.

ही खरेदी मी नोकरीच्या पैशांतून केली. आयटीतली नोकरी चार वर्षं सांभाळून गायले आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत जमल्यावर सोडली. नोकरीने कला मरते वगैरे माझ्या बाबतीत झालं नाही. रविवार मात्र मेले.

२०१९ चं वळण इलेक्ट्रॉनिकचं. आईच्या तासगावच्या मावशीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या डोक्यात होत्या. ओवी म्हणजे साडेतीन चरणांचा मामला, अक्षरांची संख्या सैल. त्यामुळे ती कुठल्याही ठेक्यात वाकते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या १ लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आज पारीवर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर, वाचता-ऐकता येतो. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव तिथे दिलेलं असतं. लोकगीत करायचं असेल तर आधी तिथे चार दिवस घालवा. आणि फॉर्मवर गीतकाराच्या जागी स्वतःचं नाव लिहू नका. ‘पारंपरिक’ लिहा, आणि ज्यांच्याकडून ऐकलं त्यांचं नाव वर्णनात टाका. ओवी कुणाच्या मालकीची नाही म्हणून ती आपली होत नाही. पण कुणीतरी केलेलं तिचं ध्वनिमुद्रण हे त्या कुणाचं तरी असतं, ते उचलून सॅम्पल करायचं तर परवानगी लागते.

त्या गाण्यात मी शहाणपणा करून इंटरनेटवरून एक तयार बीट, म्हणजे आयता ठेका आणि साथसंगीत, विकत घेतली. स्वस्त होती. परवाना ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह’, म्हणजे तीच बीट आणखी कितीही जणांना विकली जाऊ शकते. हे मी वाचलं होतं, पण अर्थ लागला नव्हता. गाणं यूट्यूबवर गेल्यावर आठवड्याभरात कॉपीराइटचा क्लेम आला. तीच बीट घेतलेल्या कुण्या दुसऱ्याने आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं होतं आणि यंत्राला माझं गाणं त्याची नक्कल वाटली. वाद घालून, परवान्याची पावती जोडून तो क्लेम सुटला, पण ज्या दिवसांत गाणं फिरत होतं ते दिवस गेले. भाड्याच्या बीटवर गाणं करायला हरकत नाही, फक्त ते कंटेंट आयडीत टाकू नका आणि करियर उभं करायचंय त्या गाण्याला वापरू नका. आता मी ढोलकीवाल्याला बसवते, दोन तास वाजवून घेते, पैसे देते आणि कागद करते.

कागद म्हणजे काय, तर एक पान. गाण्याचं नाव, शब्द कुणाचे किती टक्के, चाल कुणाची किती टक्के, ध्वनिमुद्रणाची म्हणजे मास्टरची मालकी कुणाची, कुणाला एकरकमी किती दिले. तारीख, सह्या. गाणं झालं त्याच दिवशी, चहा संपायच्या आत. आमचा बँड फुटला तेव्हा हे पान नव्हतं, आणि एका गाण्यावरून दोन मित्र अजून एकमेकांशी बोलत नाहीत. गाणं कमाई किती करत होतं? महिन्याला एक वडापाव.

कॉपीराइट कायद्यातल्या काही गोष्टी पाठ करून ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सहीने सोडून देता येत नाही; वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला तेवढा देता येतो. हक्क लिहून दिले आणि करारात मुदत नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मला एका कंपनीने पाठवलेल्या करारात ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असं होतं. विश्वात! मी त्यांना विनम्रपणे लिहिलं की मंगळावरचे हक्क मी राखून ठेवू इच्छिते. पुढे उत्तर आलं नाही. गाणं माझ्याकडेच आहे.

शब्द किंवा चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या. १९६९ पासून असलेली ही गीतकार-संगीतकारांची सोसायटी रॉयल्टी गोळा करते, पण तिथे प्रत्येक गाणं आणि त्यातले टक्के नोंदवावे लागतात. सदस्य होऊन गाणीच न नोंदवलेले किती जण मला भेटलेत!

प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळतो. तो स्वतःच्या वहीत लिहा. माझी डिस्ट्रिब्युटरची वार्षिक वर्गणी एकदा भरायची राहिली आणि सहा गाणी सगळीकडून उतरली. दुसरीकडून परत चढवली, पण कोड नवे पडले आणि आधीचे आकडे शून्यावर आले. जुनेच कोड दिले असते तर ते बहुधा जुळले असते.

नावाचंही तसंच. माझ्या नावाची आणखी एक गायिका आहे, भजनं गाते. माझं ढोल-सिंथ वाजणारं गाणं तिच्या पानावर जाऊन बसलं होतं. तिच्या श्रोत्यांवर काय बेतलं असेल देव जाणे. पहिलं गाणं टाकायच्या आधी स्वतःचं नाव सगळ्या ॲपवर शोधा. आणि रोमन लिपीत ‘पाऊस’ लोक चार तऱ्हांनी लिहितात, तेव्हा गाण्याचं शीर्षक असं ठेवा की ते शोधताना गफलत होणार नाही.

बाज बदलला की श्रोते जातात, हे गृहीत धरा. इलेक्ट्रॉनिक गाणी आली तेव्हा ‘ताई, गिटार कुठे गेली?’ या प्रश्नाने मला भंडावून सोडलं. ॲपही तुम्हाला विसरतं. ते तुमचं गाणं आधीच्या गाण्यांच्या श्रोत्यांना ऐकवतं, त्यांनी पुढे ढकललं की गप्प बसतं. म्हणून मी कार्यक्रमाच्या दारात एक वही ठेवते. ज्यांना हवं ते आपला नंबर लिहून जातात. आज त्या यादीत साधारण सहाशे जण आहेत. नवीन काही आलं की आधी त्यांना कळवते, सोबत चार ओळी, हे असं का केलं म्हणून. लोक खुलासा केला की ऐकून घेतात, निदान मराठी लोक तरी. वाद घालतात, पण ऐकून.

दुसरी युक्ती: नव्या बाजात आधी जुनंच गाणं वाजवा. जॅझ चौकडीबरोबर मी पहिल्यांदा बसले तेव्हा सगळ्यांना ठाऊक असलेलं माझं २०१६ चं गाणं पियानोवर केलं. पुण्यात सुदर्शनसारख्या छोट्या रंगमंचावर हे प्रयोग करावेत. शंभरेक माणसं असतात, कुणाला जांभई आली तर दिसते. जांभई आली ते कडवं मी काढून टाकलं, मग रेकॉर्ड केलं.

जुनी भावगीतं आपल्या ढंगात गाऊन प्रसिद्ध व्हायचा मार्ग मी घेतला नाही. नाव लवकर होतं खरं, पण चाल ओळखली गेली की यूट्यूबवरची कमाई मूळ हक्कदाराकडे जाऊ शकते, आणि श्रोते पुढेही तेच मागत राहतात. पटत असेल तर जरूर करा, पण पाचातलं एक.

पैसे. माझे निम्म्याहून जास्त येतात प्रत्यक्ष कार्यक्रमांतून, मग शिकवण्यातून, मग जाहिराती, ऑडिओ मालिका आणि नाटकांच्या संगीतातून. स्ट्रीमिंगचं स्थान तळाला. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम्स नसतील तर त्याचे पैसेच मिळत नाहीत, तेव्हा दर आठवड्याला एक कच्चं गाणं टाकत बसू नका. गाणं प्रसिद्ध व्हायच्या निदान ७ दिवस आधी त्यांच्याकडे पिच करून, म्हणजे माहितीसह सुचवून, ठेवा, म्हणजे तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत, ते येतं. मी चार आठवडे आधी चढवते. मानधनातून आयोजक बऱ्याचदा १० टक्के टीडीएस कापतात. तो बुडाला असं समजून सोडून देऊ नका, रिटर्न भरलं की हिशेबात धरला जातो. तो तुमच्या नावावर जमा झालाय का हे प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर बघा. दोनदा माझा जमाच झालेला नव्हता, आणि फोन केल्यावर आयोजकांना अचानक आठवण झाली.

जाता जाता कार्यक्रमातल्या क्रमाबद्दल. सगळे बाज एका संध्याकाळी आणायचे असतील तर सिंथवरून एकदम अभंगावर उडी मारू नका. मी तीन-तीन गाण्यांचे घास करते आणि मधल्या जागेत तंबोरा चालू ठेवते, एकाच पट्टीत, न थांबता. काळी चार. वाद्यं बदलेपर्यंत मी ओळी नुसत्या बोलते, टाळी न देता. खुल्या जागेतला कार्यक्रम असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात, तेव्हा ज्या गाण्यासाठी लोक आलेत ते पावणेदहाच्या आत घ्या. मी एकदा शेवटी ठेवलं होतं. मग ते बिनमाइकचं, अंधारात, पहिल्या चार रांगांनी ऐकलं, आणि मागचे लोक ‘जोरात!’ म्हणून ओरडत राहिले.